मनुकांच्या रसाची बाटली

वाशी, सेक्टर २
८ जानेवारी १९८४

ती. दाजींस,
कमळाकरचा सप्रेम सलाम.

पत्र बघून तुमच्या भुवया कपाळाला लागल्या असतील. वाशी ते तुर्भे सायकलने वीस मिनिटं, आणि हा बाबा आंतरदेशीय पाठवतोय! पण करणार काय? मागे तुमच्या दारात आलो होतो, तर तुम्ही अर्धं दार उघडून म्हणालात, "कोण आढाव? आम्ही नाही ओळखत." सख्ख्या बायकोचा सख्खा भाऊ, आणि ओळखत नाही! म्हटलं, पोस्टमनच्या तोंडावर तरी दार लावणार नाहीत.

इकडे सगळं ठीक आहे. आपली चर्चची मंडळी अजून त्याच शाळेच्या हॉलमध्ये भरते. तुम्ही तुर्भ्याची अकरा घरं घेऊन वेगळे झालात तेव्हा हातगाडीवर पेटी नेलीत, तबला आमच्याकडे राहिला. पाच वर्षं आम्ही नुसत्या तबल्यावर भजनं म्हणतोय. रस्त्यावरच्या माणसाला वाटतं, आत कुस्ती चाललीय. तुमच्याकडे नुसती पेटी केविलवाणी वाजत असेल.

मुद्द्याचं सांगतो. आपली स्मिता सोळाची झाली. झावळ्यांच्या रविवारी, १५ एप्रिलला, तिचं दृढीकरण आहे, पोरगी मंडळीची पक्की सभासद होणार. बिशपसाहेब येणार आहेत. त्याच दिवशी ती पहिल्यांदा प्रभुभोजन घेईल. तिला आत्या आणि तुम्ही, दोघंही पाहिजेत. मला पण पाहिजेत, पण मला कोण विचारतंय!

पाच नाताळ झाले दाजी, अक्काच्या हातची करंजी नाही. आमच्या हिची करंजी चांगली असते. (हे पत्र ती वाचणार आहे.)

तुमचा,
कमळाकर

•

तुर्भे
१७ जानेवारी १९८४

श्री. कमळाकर आढाव यांस,

पत्र पोचलं. सलाम पोचला, तो ठेवून घेतला आहे. परत पाठवायचा तर पोस्टाचा खर्च.

पाच वर्षांनी एकदम दाजी आठवले, तेव्हा मी जरा विचार केला. मग कारखान्यात कोणी तरी बोललं, की सिडको म्हणे चर्चसाठी प्लॉट देणार, पण मराठी मंडळी एकच असली तर. मग बरोबर! आता दाजीही गोड, पेटीही गोड.

तू विसरला असशील, म्हणून लिहितो. तुझी बहीण भागीरथी बावीस वर्षं प्रभुभोजनाचा रस करत होती. माझ्या आईने शिकवलेला. मनुका निवडायच्या, धुवायच्या, शुक्रवारी भिजवायच्या, शनिवारी उकळून पातळ फडक्याने गाळायच्या. आमच्या गावच्या मंडळीत केला, इथे आल्यावर वाशीच्या मंडळीसाठी केला. कोणी कधी बोट दाखवलं नाही. आणि १९७९च्या ईस्टरला प्याला फिरला तशी एकेकाची तोंडं वाकडी व्हायला लागली. आंबट आणि खारट. चांगुणाबाई भर उपासनेत बोलली, "भागीरथीने मनुका वाचवून चिंच घातली वाटतं!" मग पंचांची बैठक बसली. भोजन झालं की नाही झालं, परत घ्यायचं की नाही, तास दोन तास नुसता कालवा. भागीरथी कोपऱ्यात उभी. एक जण उठून म्हणाला नाही, की ही बाई असं करणार नाही. मीच बोललो, आणि मग निघालोच.

तू तिचा भाऊ. तू पंच. तू पंख्याकडे बघत होतास.

बाजीराव साळवे

•

वाशी
२२ जानेवारी १९८४

ती. दाजी,
सप्रेम सलाम.

प्लॉटची शपथ, मला प्लॉटचं काही माहीत नाही! मिळाला तर तुम्हीच घ्या, वर पेटी वाजवत बसा.

खरी गोष्ट सांगतो, ती घरात सुद्धा कोणाला नीट ठाऊक नाही. पाच वर्षांत मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. आधी भावाबहिणीशी समेट, मग भोजन, हे आपण दोघंही शब्बाथशाळेपासून ऐकत आलोय. म्हणून भाकरीचं ताट निघालं, की मी हळूच बाहेर जातो आणि चपला राखतो. लोकांना वाटतं, आढाव किती सेवाभावी! गेल्या वर्षी मला त्याबद्दल शाल दिली. मंडळीत एक चप्पल चोरीला गेलेली नाही, एवढंच काय ते माझं पुण्य.

पण गेल्या आठवड्यात स्मिताने विचारलं, "पप्पा, त्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी बसणार ना? की चपलांपाशी?" मी म्हटलं, बघू. पोरीने माझ्याकडे असं बघितलं, की मी ऑफिसला लवकर निघालो. रविवार होता.

दाजी, तेव्हा माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. तुम्ही आणि अक्का मोठे आहात.

तुमचा,
कमळाकर

•

तुर्भे
२ फेब्रुवारी १९८४

कमळाकर,

चपलांचं वाचून हसू आलं. राग असून आलं, म्हणून जास्त राग आला.

पण "झालं असेल तर" म्हणजे काय रे? कारखान्यात पोरगं मशीन बिघडवतं आणि येऊन म्हणतं, "साहेब, माझ्याकडून काही झालं असेल तर सॉरी." मी त्याला सांगतो, आधी काय केलंस ते बोल, मग सॉरी. तीस वर्षांत मला असल्या सॉरीने एक पण मशीन चालू झालेलं दिसलं नाही.

गप्प बसलास त्याची माफी मागतोस का? तर मग तसं लिही. मी विचार करीन.

तुला एक सांगतो. तुझी बहीण कशी आहे ते तू विचारलं नाहीस, करंजीचं तेवढं विचारलंस. तिने त्या दिवसापासून रस केलेला नाही. आम्ही इकडे तयार बाटली विकत आणतो. तिला वाटतं, खरंच तिच्या हातून काही तरी चुकलं. भांडं खारट राहिलं असेल, मनुका वाईट निघाल्या असतील, एक ना दोन. पाच वर्षं झाली, साध्या आमटीत मीठ घातलं की मला हाक मारते, "अहो, जरा चाखता का?" मी चाखतो. बरोबर असतं. मग पुन्हा एकदा चाखायला लावते. पंचवीस वर्षं डोळे झाकून मीठ टाकणारी बाई ही.

तिचा स्वतःच्या हातावरचा भरवसा गेला, कमळाकर. ते काही मंडळी फुटण्याहून कमी नाही.

बाजीराव

•

वाशी
७ फेब्रुवारी १९८४

ती. दाजी,

तुमचं पत्र काल आलं. आमटीचं वाचलं आणि मला जेवण गेलं नाही. आता हसवत नाही, सरळ लिहितो.

अक्काच्या हातून काही चुकलं नव्हतं. रस तिचा नव्हताच.

१४ एप्रिलच्या शनिवारी संध्याकाळी मी तुमच्याकडून रसाची बाटली घेऊन सायकलवर निघालो. तीच, तुमच्या आईची, मिशन हॉस्पिटलची निळसर बाटली. अक्काने फडक्यात गुंडाळून दिली होती. नाक्यावर जयंतीची मिरवणूक होती, गर्दी होती. मी मिरवणुकीतलं लेझीम बघत एका हाताने सायकल चालवत होतो. ट्रक वळला, मी दचकलो, खडीवर आडवा. मला खरचटलं नाही सुद्धा. बाटलीचे तुकडे तुकडे झाले.

तेव्हाच मागे फिरलो असतो, तर अक्का दोन शिव्या देऊन पुन्हा मनुका उकळायला बसली असती. पण मला लाज वाटली. नवा नवा पंच झालो होतो. घरी आलो आणि शेजारच्या विमलबाईंचं दार ठोठावलं. रत्नागिरीकडच्या त्या. म्हटलं, "वहिनी, लाल सरबत असेल का काही?" त्या म्हणाल्या, "आगळ आहे कोकमाचं. कढीला हवंय का?" मी म्हटलं, हो. त्यांनी बाटली भरून दिली. दाजी, मी नगरकडचा माणूस. आगळ आणि सरबत यातला फरक मला काय माहीत! रंग बघितला, अगदी रसाचा. त्यात मीठ मुठीने घातलेलं असतं, हे मला चाखल्यावर कळलं. चार चमचे साखर घातली. मग सहा. मग म्हटलं, घोटभर तर असतो, कोणाला कळतंय.

सगळ्यांना कळलं. आपली माणसं सगळी नगर-संगमनेरची, कोकम कोणी जन्मात चाखलेलं नाही. म्हणून सगळे चिंचेवर घसरले.

बैठकीत मी दोनदा उठायला गेलो. तुम्ही ओरडत होतात, ते ओरडत होते, आणि मला वाटलं, आता हे थंड झालं की सांगतो. ते थंड झालंच नाही. तुम्ही अक्काला घेऊन निघालात. ती जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "कमळ्या, जेवून जा घरी, तुझं तोंड उतरलंय." मी तरीही बोललो नाही.

हे मी केलं. यात कुठेही "असेल तर" नाही. मला क्षमा करा.

कमळाकर

•

तुर्भे
४ मार्च १९८४

कमळ्या,

महिना लागला, कारण आधी लिहिलेली तीन पत्रं मी फाडली. त्यातले शब्द उपवासकाळाच्या तोंडावर बरे नव्हते.

तुझं पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. शेवटपर्यंत ऐकलं, सूप खाली ठेवलं आणि आत गेली. त्या दिवशी आमटीला मीठ घालून मला हाक मारली नाही. मी मुकाट जेवलो. मीठ बरोबर होतं. पण तुझ्याबद्दल एक शब्द काढत नाही. मीच म्हटलं, कमळ्याला बोलावू का? तर म्हणाली, "नको. तोंडाने बोलायची वेळ होती तेव्हा बोलला नाही. आता लिहू दे."

तेव्हा माझी क्षमा मागू नकोस. जिची मागायची तिची माग. आणि तिच्या नावाने चिखल झाला तो भर मंडळीत, आंतरदेशीयमध्ये नाही. काय ते समज.

आता माझंही लिहून टाकतो. बायकोच्या अपमानाने मी उठलो, हे खरं. पण एवढंच असतं, तर मी सहा महिन्यांत परत आलो असतो. इथे आल्यावर पहिली खुर्ची माझी झाली. पाळक वाशीहून महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार मीच बोलतो. लोक ऐकतात. मला ते गोड लागलं, कमळ्या. अकरा घरांना मी त्या गोडीपायी इकडे अडकवून ठेवलं. तू बाटली फोडलीस, मंडळी मी फोडली. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, पण तिला ठाऊक असणार.

सलाम.
बाजीराव

•

वाशी
९ मार्च १९८४

ती. अक्कास,
कमळ्याचा सलाम.

मी तुझी बाटली फोडली, ती माफ होण्यासारखी गोष्ट होती. नंतर तुला सगळ्यांनी बोल लावला आणि मी ऐकत बसलो, ही नाही. तरीही मागतो. अक्का, मला माफ कर.

तू चौथीत असताना मी मास्तरांची दौत सांडली होती आणि तू सांगितलंस, मी सांडली. हातावर छड्या खाल्ल्यास. मला वाटतं, मला तेव्हापासूनच सवय लागली.

२५ तारखेच्या रविवारी मी मंडळीसमोर उभा राहून सगळं सांगणार आहे. तू ये म्हणत नाही. तुला तिथे परत उभं करायची माझी लायकी नाही. फक्त कळवतो.

तुझा,
कमळ्या

•

वाशी
२६ मार्च १९८४

ती. दाजी,
सप्रेम सलाम.

झालं एकदाचं! 

पाळकसाहेबांनी विचारलं, आज कोणी साक्ष देणार का? मी उठलो. लोक आरामात टेकून बसले, आढाव म्हणजे चपलांबद्दल बोलणार. मी नाक्यापासून सुरुवात केली ती आगळापर्यंत सगळं सांगितलं. बाहेरच्या पाणीपुरीवाल्याची घंटी आत ऐकू येत होती. मग मी म्हटलं, "भागीरथीबाई साळव्यांनी बावीस वर्षं स्वच्छ रस दिला. त्या दिवशी खोटा रस मी दिला आणि दोष त्यांना घेऊ दिला." आणि मी खाली बसलो.

मागून विमलबाई उठल्या. मी त्यांना आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं, त्या हट्टाने आल्या होत्या, हातात पिशवी. म्हणाल्या, "मी तुमच्यातली नाही, पण मला बोलायचंय. माझ्या आगळाने तुमची मंडळी मोडली, आणि मला पाच वर्षं पत्ता नाही! मी तर याला दर उन्हाळ्यात विचारते, कढी कशी झाली होती? आणि हा म्हणतो, छान!" पाळकसाहेबांनी तोंडाला रुमाल लावला. एका पंचाने विचारलं, मग ७९चं भोजन आता पुन्हा घ्यायचं काय? पाळकसाहेब रुमालातूनच म्हणाले, "बसा हो तुम्ही."

हसणं थांबलं ते चांगुणाबाईंमुळे. त्या काठी टेकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चिंच म्हणणारी मी. न बघता म्हणाले. मला आता भागीरथीकडे कोण घेऊन जाईल?" आणि रडायलाच लागल्या. सत्तरीची बाई, अशी रडली की बघवेना.

ताट निघालं तेव्हा मी पुन्हा बाहेर गेलो. मंडळीने क्षमा केली, पण अक्काचं काही आलेलं नाही. त्याशिवाय मी हात लावणार नाही. स्मिता बाहेर येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसली.  मग म्हणाली, "पप्पा, ती जोडी कोणाची हो? सोल पार गेलाय." मी सांगितलं, पाळकसाहेबांची.

आता घाबरत विचारतो. अक्का काही बोलली का? आणि एक सांगायचं राहिलं. विमलबाईंनी तुमचा पत्ता माझ्याकडून घेतलाय. मी थांबवायचा प्रयत्न केला, पण त्या बाईला थांबवणं माझ्या हातात असतं, तर हे सगळं झालंच नसतं.

तुमचा,
कमळाकर

•

तुर्भे
७ एप्रिल १९८४

चि. कमळ्यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

मी काही ह्यांच्यासारखी लिहिणारी नाही. चौथी पास बाई. जसं येईल तसं वाच.

तुझी ती विमलबाई आली होती, बरोबर चांगुणाबाईला घेऊन. बसने आल्या दोघी. चांगुणाबाई उंबऱ्यातच माझे हात धरून बसली, उठेना. मी तिला म्हटलं, अगं आत तर ये, लोक बघतायत. विमलबाईने आल्या आल्या माझा नारळ खोवला, आणि ते आगळ काढलं. मी म्हटलं, आधी मला नुसतं दे चमचाभर. पाच वर्षं ज्याच्यापायी मी माझ्या हाताला नावं ठेवली, ते मला चाखायचं होतं. चाखलं, आणि काय सांगू तुला! कान बंद झाले माझे. आणि मला जे हसू सुटलं ते थांबेना. म्हटलं, हे देवाच्या माणसांना पाजलं यानं! वर सहा चमचे साखर! चांगुणाबाई पण हसली. ह्यांनी बाहेरून विचारलं, काय झालं, तर आम्हाला सांगता येईना.

मग त्या गेल्यावर मी रडले. ते तुला सांगायला पाहिजे, नाहीतर तू म्हणशील, अक्का हसली म्हणजे झालं. बाटली परत आली नाही, तेव्हाच मला विचारायला पाहिजे होतं. आलं होतं मनात. पण माझ्या भावाबद्दल असं मनात आलं, म्हणून मीच देवाजवळ माफी मागितली होती. हे मला लई लागलं, कमळ्या. बाटलीपेक्षा, चिंचेपेक्षा.

दौतीचं तू लिहिलंस. मला तर आठवत पण नव्हतं. त्या छड्या मी खाल्ल्या ते बरोबर होतं, तू सहा वर्षांचा होतास. आता तू पंचेचाळिसाचा आहेस आणि तू स्वतः उठून उभा राहिलास. म्हणून मी तुला माफ केलं. मनापासून केलं. परत विचारू नकोस.

हे म्हणतात, झावळ्यांच्या रविवारी आपली सगळी अकरा घरं वाशीला जातील. पेटी हातगाडीवर घालतायत. कालपासून तिच्या पट्ट्या पुसत बसलेत. पहिली खुर्ची सोडायची म्हणून जरा तोंड पाडून आहेत, पण तू काही बोलू नकोस.

पाळकसाहेबांना कळवलंय, रस माझा असेल. शुक्रवारी मनुका भिजवते, शनिवारी उकळते. तू शनिवारी संध्याकाळी ये आणि बाटली घेऊन जा. हे म्हणत होते, स्टीलचा डबा देऊ, नाहीतर रविवारी आपणच हातगाडीवर नेऊ. मी म्हटलं, नाही. माझा रस नेहमी कमळ्याच नेतो. बाटली नवीन आणलीय, काचेचीच आहे.

चौदा तारीख आहे, नाक्यावर जयंतीची गर्दी असेल. लेझीम बघायचं असेल तर खाली उतरून बघ.

स्मिताला सांग, रविवारी चपला चांगुणाबाई राखणार आहे. तिनेच मागून घेतलंय. म्हणावं, तुझा बाप आत बसेल.

तुझी,
अक्का